खुणेचा मासा

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या परावर धातूची एक छोटी पट्टी सापडली. पट्टीवर आकडा होता ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं, की ती मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी बसवली होती. पूर्व किनाऱ्यावर विणीला येणारी मादी चार वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावर विणीला आली होती. श्रीलंकेला वळसा घालून धरलं, तर अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. दोन्ही किनाऱ्यांची कासवं आपापली वेगळी, असं आजवर मानलं जायचं. त्या समजाला धक्का दिला तो या पट्टीने, आणि तिच्यात ना बॅटरी होती ना अँटेना.

याच कोकणात तीन वर्षं आधी बराच खर्चिक प्रयोग झाला होता. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशी त्यांची नावं वर्तमानपत्रांत आली आणि समुद्रातल्या वेड्यावाकड्या रेषांचे नकाशे घरोघरी पोचले. लक्ष्मीचा सिग्नल थोड्याच आठवड्यांत बंद पडला. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. त्यातली बागेश्री श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात शिरली.

या दोन पद्धतींचं काम वेगवेगळं आहे. ट्रान्समीटर वाट दाखवतो, पण थोड्या महिन्यांची आणि मोजक्या जनावरांची. साधी पट्टी फक्त दोन टोकं सांगते, तीही कोणी कासवमित्र रात्री वाळूत बॅटरी घेऊन फिरत असला तरच. मात्र ती हजारो जनावरांना लावता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. प्राण्यांना खूण करून त्यांचा माग काढण्याची ही विद्या इलेक्ट्रॉनिक झाली त्याला आता साठ-सत्तर वर्षं झाली. एवढ्या काळात तिने काय दिलं, याचा हिशोब नकाशांच्या देखणेपणावरून करण्यात अर्थ नाही. त्या रेषेमुळे कोणाचा निर्णय बदलला का, हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो, आणि त्या कसोटीवर या क्षेत्रातली बरीच कामं फिकी पडतात.

सुरुवात रेडिओपासून झाली. ट्रान्झिस्टर आल्यावर ट्रान्समीटर जनावराच्या गळ्यात बांधण्याइतका लहान झाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत क्रेगहेड बंधूंनी यलोस्टोनमधल्या ग्रिझली अस्वलांना कॉलर घातले, तर १९६३ मध्ये कॉक्रन आणि लॉर्ड यांनी रानातल्या प्राण्यांसाठी रेडिओ-मागोव्याची पद्धत छापून दिली. हातात अँटेना धरून डोंगर चढायचा आणि ‘बीप’ कुठून जोरात येते ते बघायचं. १९७८ पासून फ्रान्स आणि अमेरिकेची ‘आर्गोस’ यंत्रणा आली आणि डोंगर चढण्याचं काम उपग्रहाकडे गेलं. उपग्रह डोक्यावरून जाताना ट्रान्समीटरच्या लहरींची वारंवारता त्याला आधी किंचित वाढलेली आणि मग घटलेली जाणवते. या फरकावरून ट्रान्समीटरची जागा काढली जाते. कासवाच्या टॅगमध्ये आणखी एक साधी युक्ती असते. बाहेर दोन धातूची टोकं असतात. ती खाऱ्या पाण्यात असली, की त्यांच्यातून वीज वाहते आणि टॅग गप्प बसतो. कासव श्वास घ्यायला वर आलं, की प्रवाह तुटतो आणि टॅग लगेच संदेश पाठवतो. बॅटरी वाचते ती अशी.

मासा श्वास घ्यायला वर येत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार लांब जाऊ शकत नाहीत. त्यामुळे माशांची विद्या वेगळ्या रस्त्याने गेली. तो रस्ता आवाजाचा. १९५० च्या दशकात कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणापाशी सॅमन माशांना ध्वनिलहरी सोडणारे टॅग लावून पाहिले गेले. आज असा टॅग माशाच्या पोटात लहानशी शस्त्रक्रिया करून ठेवतात. तो ठरावीक वेळाने आपला सांकेतिक क्रमांक माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजात सांगत राहतो. तळाशी किंवा बोयाला टांगलेला रिसीव्हर काही शे मीटरच्या आत तो ऐकला तर वेळेसह टिपून ठेवतो. मासा रिसीव्हरजवळून गेलाच नाही, तर त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून रिसीव्हरची साखळी लागते आणि ती एकट्यादुकट्या संस्थेला परवडत नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातून २००८ पासून चालणारं ‘ओशन ट्रॅकिंग नेटवर्क’ याच गरजेतून उभं राहिलं. तुमचा मासा माझ्या रिसीव्हरवर आला तर मी तुम्हाला कळवीन, असा हा व्यवहार आहे.

कोलंबिया नदीचं उदाहरण माझ्या कसोटीला पुरेपूर उतरतं. तिथल्या धरणांतून समुद्राकडे जाणारी सॅमनची पिल्लं टर्बाइनमध्ये सापडून मरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती मरतात, यावर मात्र वीजवाले, मच्छीमार आणि नदीकाठच्या आदिवासी जमाती यांचं एकमत होत नव्हतं. १९८० च्या दशकात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी आली. तिला पिट टॅग म्हणतात. तिच्यात बॅटरी नसते. धरणाच्या मार्गात बसवलेल्या वाचकयंत्रासमोरून मासा गेला, की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. पाळीव कुत्र्यांना टोचतात ती चिप याच जातीची. लक्षावधी पिल्लांना या कुप्या टोचल्या गेल्या, पुढे त्यांच्या जोडीला छोटे ध्वनिटॅग आले. मग प्रत्येक धरणाला परीक्षा लागली: वसंतात जाणारी पिल्लं ९६ टक्के आणि उन्हाळ्यात जाणारी ९३ टक्के जिवंत पार झाली पाहिजेत. ते साधत नसेल, तर टर्बाइनऐवजी सांडव्यावरून पाणी सोडा, म्हणजेच विजेचं नुकसान सोसा. इथे टॅगने ज्ञान दिलंच, पण कंपन्यांच्या आणि सरकारच्या वहीत खर्चाचा आकडाही लिहायला लावला. सॅमनचं भलं झालं का, हा निराळा वाद आहे आणि तो अजून संपलेला नाही.

खोल समुद्रात रिसीव्हर कुठे कुठे टांगणार? तिथे १९९० च्या दशकाअखेर सुटून वर येणारे टॅग आले. माशाच्या पाठीत रोवलेला असा टॅग खोली, तापमान आणि उजेड यांची नोंद ठेवत राहतो. ठरलेल्या दिवशी त्याची पिन विजेने झिजून तुटते, टॅग पृष्ठभागावर तरंगतो आणि साठवलेला गोषवारा उपग्रहाला पाठवतो. मासा कुठे कुठे होता, हे उजेडावरून काढतात. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोबर मधोमधची वेळ रेखांश सांगते, दिवसाची लांबी अक्षांश सांगते. जुन्या दर्यावर्दींचंच गणित हे. विषुवदिनाच्या आसपास मात्र दिवस सगळीकडे बारा तासांचा असतो आणि अक्षांश हाताला लागत नाही. त्या दिवसांतल्या रेषा अंदाजाच्या असतात. नकाशावर त्या इतर रेषांइतक्याच ठाम काढलेल्या दिसतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

या टॅगांची सर्वांत मोठी कामगिरी अटलांटिकमधल्या ब्लूफिन टूनावर झाली. आपल्या कुपा माशाच्या कुळातला हा अवाढव्य मासा कित्येक देश पकडतात. त्याचे दोन साठे आहेत असं मानून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महासागराच्या मधोमध, ४५ अंश पश्चिम रेखांशावर, कागदी सीमा आखली गेली. पश्चिमेचा साठा खालावलेला, म्हणून तिथे कडक मर्यादा. पूर्वेला ढिलाई. संशोधक बार्बरा ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून शेकडो टूनांना टॅग लावले. २००१ आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा दिसलं, की मासे ती सीमा बिनदिक्कत ओलांडतात. विणीसाठी ते मेक्सिकोचं आखात आणि भूमध्य समुद्र असे वेगळे होतात. चरायला मात्र एकत्र असतात. म्हणजे पश्चिमेने वाचवलेला मासा पूर्वेच्या जाळ्यात जात होता. ही सरमिसळ हिशोबात धरणारी पद्धत टूनाच्या मासेमारीचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने स्वीकारली ती २०२२ मध्ये. पुरावा हातात आल्यापासून निर्णयापर्यंत वीस वर्षं गेली.

ईलची कथा याहून जुनी आहे. युरोपातल्या नद्यांत वाढणारे ईल विणीसाठी सारगासो समुद्रात जातात, असं डॅनिश संशोधक योहानेस श्मिट यांनी शंभर वर्षांपूर्वी अळ्यांच्या आकारावरून मांडलं. अळ्या सर्वांत लहान जिथे, विणीची जागा तिथे. तर्क उत्तम होता, पण मोठा ईल तिथे पोचताना कोणी पाहिला नव्हता. अझोर्स बेटांजवळ टॅग लावलेल्या काही माद्या सारगासोत पोचल्याचं २०२२ मध्ये छापून आलं तेव्हा पहिला थेट पुरावा मिळाला. अशा वेळी टॅगपेक्षा श्मिट यांच्या डोक्याचंच कौतुक जास्त वाटतं.

कधी टॅग अनपेक्षित ठिकाणी जातो. अमेरिकेच्या केप कॉडजवळ टॅग लावलेली एक गरोदर पोर्बिगल शार्क बर्म्युडाच्या परिसरात असताना तिच्या टॅगवरचं तापमान एकाएकी वाढलं. खोली शेकडो मीटरची, पण ऊब मात्र सतत २२ अंशांच्या आसपास, आणि तीही चार दिवस. मग टॅग सुटून वर आला. अर्थ एकच निघत होता: तो दुसऱ्या मोठ्या, उबदार अंगाच्या शार्कच्या पोटात होता. दोन मीटरहून लांब शार्कला गिळणारं कोणी आहे, हे २०२४ मध्ये असं छापून आलं.

पक्ष्यांच्या बाबतीत विक्रमांची यादी लांब आहे. फक्त १.४ ग्रॅमच्या उजेडमापकाने आर्क्टिक सुरय वर्षाला साधारण ७० हजार किलोमीटर उडतो हे २०१० मध्ये दाखवलं. एक गॉडविट २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत, कुठेही न उतरता, साडेतेरा हजार किलोमीटर गेला. मला यापेक्षा नागालँडचा अमूर ससाणा महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून हे ससाणे अफाट संख्येने मारले जात असल्याची दृश्यं जगभर गेली. पुढच्याच वर्षी तीन पक्ष्यांना पाच-पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर लावले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती, म्हणजे तिथल्या लोकांचं, जिल्ह्याचं आणि गावाचं नाव. पक्षी दख्खन आणि अरबी समुद्र ओलांडून सोमालियाला पोचले तेव्हा पांगती गावाचं नाव आफ्रिकेच्या नकाशावर फिरत होतं. शिकार थांबण्यात चर्चचा, ग्रामसभांचा आणि प्रशासनाचा वाटा मोठा होता. पण गावाला आपल्या नावाचा पक्षी दाखवणं हेही त्यातलं एक शहाणपण होतं. नाव ठेवण्याची जी पद्धत इतर ठिकाणी बातमीपुरती उरते, ती इथे कामाला आली.

आपल्याकडे जमिनीवर दोन गोष्टी घडल्या, त्यांचं मोल अजून पुरतं वसूल झालेलं नाही. पहिली आजोबाची. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा बिबट्या २००९ मध्ये वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. तो महिन्याच्या आत साधारण १२० किलोमीटर चालून, रेल्वेमार्ग, महामार्ग आणि खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत कोणाला त्याने दुखवलं नाही, बहुतेकांना तो दिसलाही नाही. पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला की प्रश्न मिटला, या समजुतीला त्या कॉलरने उत्तर दिलं. २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली मेला. त्याच्यावर चित्रपटही निघाला.

दुसरा टिपेश्वरचा वाघ, ज्याला लोक ‘वॉकर’ म्हणू लागले. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघून विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातली शेतं, ओढे, रस्ते तुडवत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. सगळी भटकंती धरून अंतर तीन हजार किलोमीटरच्या घरात गेलं. त्याच्या रेषेने दाखवलं, की आपल्या नकाशावर जिथे जंगल नाही तिथूनही वाघाचा रस्ता आहे, तोही रात्री, ओढ्यांच्या काठाने. समृद्धी महामार्गासारखे रस्ते आखताना प्राण्यांसाठी मार्ग सोडले जातात ते संरक्षित क्षेत्रांच्या आसपास. ज्या ओढ्याकाठाने वॉकर गेला त्याला कोणतंच संरक्षण नाही.

आता या विद्येच्या दुबळ्या बाजूकडे. पहिली गोष्ट वजनाची. पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपेक्षा आणि माशात दोन टक्क्यांपेक्षा जड टॅग नको, असा दंडक रूढ आहे. तो सोयीचा आहे, पवित्र नाही. राजा पेंग्विनच्या परांना लावलेल्या पट्ट्यांचा दहा वर्षं पाठपुरावा केल्यावर २०११ मध्ये दिसलं, की पट्टीवाल्यांना ३९ टक्के कमी पिल्लं झाली आणि त्यांचं जगण्याचं प्रमाणही १६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे हवामानाचा परिणाम मोजायला निघालेले लोक पट्टीचा परिणाम मोजत होते. कुनोत २०२३ च्या पावसाळ्यात चित्त्यांच्या कॉलरखाली जखमा होऊन अळ्या पडल्या आणि कॉलर काढावे लागले. आफ्रिकेच्या कोरड्या हवेत चाललेली वस्तू मध्य भारताच्या पावसात चालेल, हे गृहीत धरलं होतं.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. समुद्राचा तळ शांत नसतो. चटचट आवाज करणारी कोळंबी, लाटा, बोटी यांच्या गोंगाटात टॅगचा आवाज बुडतो. ऑस्ट्रेलियातल्या माकूळांच्या एका अभ्यासात दिवसरात्रीचा स्पष्ट फरक दिसत होता. संशोधकांनी शहाणपणाने जागेवर घट्ट बांधलेले काही टॅगही ठेवले होते. फरक त्यांच्यातही दिसला. हलू न शकणारा टॅग जर दिवसरात्र पाळत असेल, तर गडबड माकुळात नाही, ऐकण्यात आहे. असा बांधलेला टॅग न ठेवता काढलेले निष्कर्ष मी तरी सावधपणे वाचतो.

तिसरी गोष्ट माहितीच्या मालकीची. २०१३ मध्ये पन्नातल्या एका वाघाच्या कॉलरच्या नोंदी ज्या ई-मेल खात्यात येत होत्या त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्यातून झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर संशोधनासाठी लावलेल्या टॅगांचे सिग्नल शार्क शोधून मारण्याच्या कामीही लावले गेले. वाघाची जागा क्षणाक्षणाला कळणं ही वनखात्याची सोय आहे, तशीच शिकाऱ्याचीही.

अरबी समुद्रात मात्र एकाच जनावराच्या रेषेने मोठं काम केलं आहे. ओमानजवळचे कुबड्या देवमासे जगातल्या इतर कुबड्यांपासून तुटलेले, संख्येने शंभराच्याही आत. २०१७ च्या अखेरीस लुबान नावाची टॅग लावलेली मादी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, केरळच्या किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत फिरली. भारतीय किनाऱ्यावर ऐकू येणारी देवमाशांची गाणी कोणाची, या शंकेला त्यामुळे आधार मिळाला. ओमानचा देवमासा आपलाही आहे, हे मान्य केलं तर जहाजांच्या वाटा आणि जाळ्यांचा प्रश्न दोन्ही देशांचा होतो.

उरला लहान मासा. या आढाव्यात सगळीकडे दिसतात ते मोठे, दणकट, पैसे खर्चावेत असे वाटणारे प्राणी. बांगडा, तारली, पापलेट यांना पोटात ध्वनिटॅग घेऊन पोहायला जमणार नाही. हिलसा तर हात लागताच मरतो म्हणून प्रसिद्ध. तरीही बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने फरक्का धरणाच्या वरच्या अंगाला सोडलेल्या हिलशांना क्रमांकाचे साधे टॅग लावले आहेत. टॅग सापडला तर कळवा, असं मच्छीमारांना सांगितलं जातं. सगळी भिस्त कोळ्यावर.

नॉर्वेने याच भिस्तीला यंत्र दिलं. आपल्या बांगड्याच्या कुळातल्या त्यांच्या मॅकरेलला १९६० च्या दशकाअखेरीपासून पोटात पोलादी तुकडा टोचून सोडत, आणि तो कारखान्यात धातुशोधकाने पकडत. २०११ पासून तुकड्याच्या जागी सॅमनच्या कुपीसारखा टॅग आला आणि कारखान्याच्या पट्ट्यावर वाचकयंत्र बसलं. मासा पेटीत जाता जाता आपला क्रमांक सांगतो. दरवर्षी हजारो मासे टोचले जातात आणि त्या नोंदी साठ्याच्या अधिकृत मोजणीत वापरल्या जातात. कोणाला नाव ठेवलेलं नाही, कोणाचा नकाशा वर्तमानपत्रात येत नाही.

आपल्याकडे बांगडा हाताळणीत किती जगेल, हे आधी टाकीत तपासावं लागेल. पट्ट्यावर माल चालवणारे कारखाने आणि मासळीचं कूट करणारे उद्योग पश्चिम किनाऱ्यावर आहेत. वाचकयंत्र तिथे बसू शकतं, बाकी माल मिरकरवाडा किंवा ससून डॉकसारख्या बंदरांवर हातानेच निवडला जातो. प्रश्न मात्र तयार आहे. सिंधुदुर्गातले रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, वर्षानुवर्षं म्हणतात, की पर्ससीनच्या बोटी बाहेर थवे उचलतात म्हणून किनाऱ्याला मासा लागत नाही. पर्ससीनवाले म्हणतात, तो थवा किनाऱ्याला येणारच नव्हता. मोर्चे निघाले, आदेश निघाले, कोर्टकज्जे झाले. बाहेरच्या पाण्यात टोचून सोडलेल्या बांगड्यांपैकी किती रापणीत आले आणि किती पर्ससीनमध्ये, ही मोजणी त्या वादात कोणत्याही बाजूने अजून मांडली गेलेली नाही.